दोन दिवस पायी : माथेरानची सहल आखताना

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की घरोघरी एकच चर्चा सुरू होते, जायचे कुठे? डोंगर हवा, झाडी हवी, थंड हवा हवी, यावर सगळ्यांचे एकमत होते. मग गाडी निघते, घाटात दोन तास अडकते आणि थंड हवेच्या ठिकाणी पोहोचल्यावर तिथल्या वाहनतळावर पुन्हा तासभर रखडते. प्रत्येक 'पॉइंट'वर दहा मिनिटे उतरायचे, फोटो काढायचे, मक्याचे कणीस खायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे. दोन दिवसांनी मंडळी घरी परततात ती कंबर धरून. डोंगर पाहिला खरा, पण बराचसा काचेतूनच.

यावर साधा उपाय आहे, पायी हिंडण्याची सुट्टी. हे शब्द ऐकले की पाठीवर भलीमोठी पिशवी आणि हातात दोर घेतलेली कॉलेजची मुले डोळ्यांपुढे येतात आणि घरातली वडीलधारी माणसे 'तुम्ही जाऊन या' म्हणून मोकळी होतात. वास्तविक पायी सहल ही गिर्यारोहकांचीच मक्तेदारी असण्याचे कारण नाही. आठ वर्षांचा नातू आणि पासष्टीचे आजोबा एकाच वाटेने चालू शकतील, अशी ठिकाणे आपल्याकडे आहेत. त्यांत पहिला मान द्यावा लागेल तो माथेरानला. याचे कारण सरळ आहे. इथे चालण्याशिवाय फारसा इलाजच नाही!

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून उभा राहिलेला हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. मुंबईपासून अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास, पुण्यापासून सव्वाशेच्या आत. खाली काळा कातळ आणि वर जांभ्या दगडाची टोपी, अशी या डोंगराची रचना आहे. माथा बराचसा सपाट आणि चहूबाजूंनी कडे तुटलेले. म्हणूनच इथे एकदा वर पोहोचले की मोठे चढउतार नाहीत. झाडीतून जाणारी लाल मातीची वाट धरून चालत राहावे, ती थोड्या वेळाने एखाद्या कड्याच्या टोकाशी आणून सोडते. असे तीसहून अधिक पॉइंट आहेत. सगळे पाहायलाच हवेत, असा हट्ट मात्र धरू नये.

मोटारगाड्यांना इथे बंदी आहे. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१४ चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि या बंदीला कायद्याचे बळ मिळाले. गाव मात्र त्याआधीपासूनच मोटारीविना जगत होते. रुग्णवाहिका आणि अग्निशामक बंब एवढेच अपवाद. बाकी सगळ्यांनी दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवायची आणि पुढे निघायचे.

<b>सर्वांत हळू चालणाऱ्याचे घड्याळ</b>

सहलीची आखणी करताना बहुतेक घरांत हॉटेलपासून सुरुवात होते. पायी सहलीत ती माणसांपासून व्हायला हवी. कुटुंबात सर्वांत हळू कोण चालते? आजीचे गुडघे दुखतात का? धाकटीला दुपारी झोप लागते का? त्या एका व्यक्तीच्या चालीवर सगळे गणित बांधावे. शहरातल्या सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटर चालणारा माणूस डोंगरवाटेवर, मुलाबाळांसह, थांबत-बोलत जेमतेम तीन किलोमीटर चालतो. म्हणजे नकाशावर आठ किलोमीटरची फेरी दिसली, तर तीन तास चालण्याचे आणि एक तास बसण्याचा धरावा. हे गणित घरीच मांडले की, डोंगरावर गेल्यावर 'अजून किती राहिलंय?' या प्रश्नावरून होणारी निम्मी भांडणे टळतात.

चालताना सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे. तरुण मंडळी पुढे धावतात, वळणावर थांबतात आणि मागची माणसे धापा टाकत पोहोचली की लगेच उठून चालू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याला ती मिळते आणि ज्याला आहे तो उपाशीच! घरातला एक जाणता माणूस मात्र सर्वांच्या मागे असावा.

निघण्याआधी दोन-तीन आठवडे रोज चाळीस मिनिटे चालण्याचा सराव पुरेसा होतो. त्यात इमारतीचे जिने चढणे आणि विशेषतः उतरणे जरूर असावे. गुडघ्यांची खरी परीक्षा चढावर नसते, उतारावर असते. वडिलांना काठीची सवय नसली तरी माथेरानच्या बाजारात वेताची काठी मिळते, ती पहिल्याच दिवशी घ्यावी. तेवढ्याने 'मी काय म्हातारा झालोय?' हा वादही मिटतो, कारण मुलांनाही काठ्या हव्याच असतात.

बुटांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. सहलीसाठी म्हणून शुक्रवारी संध्याकाळी नवे कोरे बूट घेतले जातात आणि शनिवारी दुपारी टाचेला फोड येतात. त्यापेक्षा पायात रुळलेले, तळाला खाचा असलेले जुने बूट चांगले. मोजे मात्र जादा असावेत. माथेरानची लाल धूळ कशातही शिरते, ती पांढऱ्या कपड्यांवरून सहजी जात नाही. तेव्हा ठेवणीतले कपडे घरीच राहू द्यावेत. प्रत्येकाच्या पाठीवर एक छोटी पिशवी, तिच्यात पाण्याची बाटली, टोपी, एक पातळ स्वेटर आणि विजेरी. मोबाइलच्या दिव्यावर विसंबू नये, दिवसभर फोटो काढून त्याची बॅटरी संध्याकाळपर्यंत मान टाकते.

<b>वर जायचे कसे?</b>

पायथ्याचे स्टेशन नेरळ. मुंबईहून कर्जत किंवा खोपोलीची लोकल धरली की ती नेरळला थांबते. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला थांबणारी गाडी पाहावी आणि तेथून लोकलने दोन स्टेशने मागे यावे. नागपूर, भोपाळ, हैदराबादकडून येणाऱ्या मराठी मंडळींना मुंबईत शिरण्याची गरज नाही. कल्याणला उतरून कर्जतच्या बाजूची लोकल पकडली की काम भागते. बडोदे-सुरतेकडच्यांना दादर सोयीचे.

नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत घाटरस्ता आहे. स्टेशनबाहेर सीटवर टॅक्सी मिळते. घाट अरुंद आणि वळणे अवघड असल्यामुळे, घाटाचा सराव नसलेल्यांनी स्वतःची गाडी वर नेण्याची हौस टाळलेली बरी. शिवाय शनिवारी सकाळी दहानंतर दस्तुरीचा वाहनतळ भरू लागतो आणि रांग घाटात उतरते. सकाळी आठ-साडेआठला नाक्यावर पोहोचणाऱ्याचा दिवस वेगळा असतो आणि साडेअकराला पोहोचणाऱ्याचा वेगळा.

दुसरा मार्ग झुकझुक गाडीचा. तिची कथा थोडी विस्ताराने सांगायला हवी. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावाच्या बाजूने या डोंगरावर चढून आले आणि साहेबलोकांना माथेरानचा पत्ता लागला. धनगर, ठाकर, कातकरी मंडळींना तो अर्थातच आधीपासून ठाऊक होता. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले, बंगले उठले, पारशी आणि बोहरी धनिकांनी जागा घेतल्या. पण वर यायचे तर घोडा, पालखी नाहीतर पाय. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी इथे रेल्वे आणण्याचे मनावर घेतले. १९०४ साली काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी पहिली गाडी धावली. खर्च आला सोळा लाख रुपये, तोही पीरभॉय घराण्याच्या पैशांतून. दोन फूट रुंदीचा रूळ, एकवीस किलोमीटरच्या आसपासची वाट आणि काही ठिकाणी वीस फुटांमागे एक फूट असा चढ. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी चिमुकली स्टेशने. एकच बोगदा आहे, तोही इतका आखूड की जुन्या गमत्या प्रवाशांनी त्याचे 'वन किस टनेल' असे नाव ठेवले, ते आजतागायत टिकले आहे.

या गाडीने सोसलेही पुष्कळ. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मार्ग उखडला, तो २००७ साली पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे ती बंद पडली. २०१९ च्या पावसात रूळ पुन्हा वाहून गेले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळ ते माथेरान अशी सलग फेरी परत सुरू झाली. पावसाळ्यात नेरळकडून गाडी नसते. तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढ्याच टप्प्यात ती ये-जा करते. नेरळहून वर पोहोचायला अडीच तासांच्या आसपास लागतात आणि जागा थोड्या असतात. दोनच दिवस हाती असतील तर जाताना या गाडीची वाट पाहत अर्धा शनिवार घालवू नये. मुलांसाठी अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी पुरते. गाडीची हौस मोठी असेल तर तिच्यासाठी तिसरा दिवस काढावा. एकाच सुट्टीत सगळे कोंबू नये, हे पायी सहलीत जितके खरे तितके इतरत्र नसेल.

<b>दस्तुरी नाक्यावर</b>

नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवेशकर भरला की घोडेवाले, हमाल, एजंट मंडळी भोवती जमतात. 'गाव फार लांब आहे', 'गाडी बंद आहे', 'चालत जमणार नाही', अशी वाक्ये कानावर पडू लागतात. खरे चित्र असे की अमन लॉज स्टेशन नाक्यापासून चार पावलांवर आहे आणि तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर, बहुतांशी सपाट व सावलीची वाट. सामान हलके असेल तर तासाभरात माणूस आरामात पोहोचतो. प्रवेशद्वारापाशीच पर्यटकांची दिशाभूल होते, या तक्रारीवरून खुद्द माथेरानकरांनी मार्च २०२५ मध्ये गाव बंद ठेवले होते. त्यावरून प्रश्न किती वाढला होता, याची कल्पना यावी.

म्हणून घोडा घेऊच नये, असे मात्र नाही. चारशेहून अधिक घोडे या गावात परवान्यावर चालतात आणि तेवढ्या घरांच्या चुली त्यांच्यावर पेटतात. मात्र दरफलक वाचावा, कुठून कुठपर्यंत आणि किती पॉइंट हे आधी ठरवावे आणि मगच रिकिबीत पाय टाकावा. हमालाला सामान देणे तर उत्तमच. पाठ मोकळी राहते आणि चालण्याचा आनंद पहिल्याच तासात हरवत नाही.

हातरिक्षांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एक माणूस बसलेला आणि दुसरी माणसे त्याला ओढत-ढकलत नेताहेत, हे दृश्य इथे पिढ्यान्पिढ्या दिसत आले. परवानाधारक रिक्षा ९४ होत्या. त्यांना पर्याय म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा आल्या. त्यावरून गावात दोन तट पडले. घोडेवाल्यांना धंद्याची धास्ती आणि निसर्गप्रेमींना भीती की आज ई-रिक्षा आली, उद्या मोटार येईल. दुसऱ्या बाजूला, दप्तर पाठीवर घेऊन रोज मैलोगणती चालणारी शाळकरी मुले आणि रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागणारे रुग्ण होते. त्यांना ही रिक्षा म्हणजे दिलासा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत हातरिक्षा बंद करून त्या ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. दस्तुरीपासून गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतचा मुख्य रस्ता सोडला तर आतल्या वाटांवर पेव्हर ब्लॉक घालायचे नाहीत, असेही बजावले. म्हणजे पॉइंटांकडे जाणारी लाल माती तेवढी शाबूत राहिली. आजोबांना नाक्यापासून गावापर्यंत ई-रिक्षाने पुढे पाठवून त्यांची शक्ती कड्यावरच्या फेरीसाठी राखून ठेवण्यात काहीच कमीपणा नाही. धडधाकट माणसांनी मात्र ती जागा ज्याला गरज आहे त्याच्यासाठी सोडावी.

राहण्याची जागा ठरवताना दोन प्रश्न विचारायला विसरू नये. हॉटेल बाजारपेठेपासून किती दूर आणि खोली सोडण्याची वेळ कोणती? इथल्या काही हॉटेलांत सकाळी फार लवकर खोली रिकामी करावी लागते आणि ते कळते तेव्हा मंडळी कुठल्यातरी पॉइंटवर असतात. राज्य पर्यटन महामंडळाचे निवासस्थान दस्तुरीजवळ आहे, त्यामुळे सामान ओढण्याचा त्रास नाही, पण बाजार व दक्षिणेकडचे पॉइंट लांब पडतात. बाजाराजवळ राहिले तर उलट. पायी हिंडायचे असेल तर गावाच्या मध्याजवळची जागा बरी.

<b>शनिवार दक्षिणेचा</b>

डोंगर उत्तर-दक्षिण पसरलेला आहे आणि बाजार साधारण मधोमध. तेव्हा एक दिवस दक्षिणेला आणि एक दिवस उत्तर-पश्चिमेला, अशी सोपी वाटणी करावी. उगाच एका टोकावरून दुसऱ्या टोकाला धावाधाव नको.

शनिवारी दुपारचे जेवण लवकर आटोपून दोनच्या सुमारास निघावे. पूर्वेच्या अंगाने अलेक्झांडर पॉइंट प्रथम येतो. समोर गारबटचे पठार आणि खाली उल्हास नदीचे खोरे. तिथून रामबाग, मग दक्षिण टोकाचा चौक पॉइंट. येथे मोरबे धरणाचे पाणी दिसते आणि इर्शाळगडाचा सुळका नजरेत भरतो. याच गडाच्या कुशीतली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. वरून पाहताना ही टेकडी किती शांत वाटते! पावसाळ्यात या मुलखातल्या उतारांवर हिंडण्याचे बेत आखताना तो दिवस आठवावा.

चौकहून पश्चिमेला वळले की वन ट्री हिल. इथूनच 'शिवाजी लॅडर' नावाची घळीची वाट खाली उतरते. खालच्या वाड्यांतली ठाकर-कातकरी माणसे पिढ्यान्पिढ्या अशाच वाटांनी वर येत आली आहेत, कुणी मजुरीला, कुणी डोक्यावर भाजीची, फळांची पाटी घेऊन. शहरी माणूस ज्याला 'ट्रेक' म्हणतो ती त्यांची नोकरीची वाट आहे. कुटुंबाने तिच्यात उतरू नये. माहीतगार सोबत असेल आणि अंगात रग असेल अशा तरुणांनी तो बेत निराळा करावा.

पुढे लॉर्ड पॉइंट, मग शार्लोट तलाव. दाट झाडीत लपलेला हा तलाव गावाला पाणी पुरवतो. शिवाय खालून उल्हास नदीचे पाणीही पंपाने वर चढवावे लागते. म्हणजे माथेरानात नळाला येणाऱ्या प्रत्येक बादलीमागे डोंगर चढण्याचे श्रम आहेत. एप्रिल-मे महिन्यांत हॉटेलात तासभर शॉवरखाली उभे राहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. तलावाकाठी पिसारनाथाचे जुने देऊळ आहे. जवळच एको पॉइंट, तिथे मुले घसा बसेपर्यंत आपलीच नावे ओरडतात. त्यांना ओरडू द्यावे. शहरातल्या सदनिकेत ही संधी कुठे मिळणार? मोठ्यांनी मात्र बाकीच्या वाटांवर आवाज आवरला तर बरेच काही दिसते. अंजनी, जांभूळ, हिरडा अशा झाडांची इथे दाटी आहे. नशिबात असेल तर फांदीवरून फांदीवर झेपावणारे शेकरू दिसते. माकडांसाठी नशीब लागत नाही. हातातली प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे खाऊ, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. खाण्याचे पदार्थ पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवावेत आणि माकडांना काहीही घालू नये.

एवढी फेरी रेंगाळत केली तर चार-साडेचार तास होतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि झाडीत अंधार त्याआधीच उतरतो. पाय दमले असतील तर रामबागपाशीच फेरी तोडून सरळ बाजाराची वाट धरावी. दक्षिणेकडचे हे पॉइंट एकमेकांना वाटांनी जोडलेले असल्यामुळे कुठूनही परतता येते. या फेरीची हीच मोठी सोय आहे.

<b>रविवारी सूर्य एकदाच</b>

माथेरानला सूर्योदय पाहायचा पॅनोरमा पॉइंटवरून आणि सूर्यास्त पॉर्क्युपाइन म्हणजे सनसेट पॉइंटवरून, असा रिवाज आहे. पॅनोरमा उत्तरेच्या टोकाला, बाजारापासून पाचेक किलोमीटर. हिवाळ्यात सूर्य सातनंतर उगवतो, तरी पाचच्या आधीच अंथरूण सोडावे लागते आणि अंधारात झाडीतून चालावे लागते. सनसेट पॉइंट साडेतीन किलोमीटरच्या आसपास. तिथून परततानाही अंधारच. मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर दोन्हींपैकी एकच निवडावे. शनिवारी दक्षिणेची फेरी झाली असेल तर रविवारची पहाट पॅनोरमाला द्यावी, हे उत्तम. घरातल्या एक-दोघांना झोप प्यारी असेल तर त्यांना झोपू द्यावे. जबरदस्तीने उठवून नेलेला माणूस सूर्याकडे पाठ करून बसतो.

पॅनोरमाचे देखावे मात्र झोपमोडीची भरपाई करतात. उत्तरेला पेबचा किल्ला, ज्याला विकटगडही म्हणतात. पायथ्याला नेरळ, उल्हासचे वळसे आणि हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला सह्याद्रीची भिंत. त्याच दिशेला, ईशान्येच्या डोंगरांत सिद्धगड आहे. तो पाहताना एका माथेरानकराची आठवण करायला हवी. विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानातल्या एका नाभिक कुटुंबात झाला. शिकून वकील झाले, गावच्या नगरपालिकेचे उपाध्यक्षही होते. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील धारातीर्थी पडले. माथेरानच्या पॉइंटांना साहेबांची आणि मडमांची नावे आहेत. या मातीतल्या माणसाचे नाव मुलांच्या कानी घालण्याचे काम आईवडिलांनाच करावे लागते.

परत येऊन न्याहारी झाल्यावर हाती दोन तास उरले तर पश्चिमेचा लुईसा पॉइंट गाठावा. समोर प्रबळगडाचा भलामोठा पसारा आणि त्याला लागून कलावंतिणीचा सुळका. सगळ्या माथेरानात एकच कडा पाहायचा झाला तर हाच, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे चूक नाही.

कड्यांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सगळीकडे कठडे नाहीत. जिथे आहेत तिथे ओलांडण्यासाठी नाहीत. जांभ्याची कड वरून भक्कम दिसते, पण धूळ आणि बारीक खडीवर बूट घसरतो. फोटोसाठी मागे-मागे सरकताना इथे जीव गेले आहेत. टोकापासून दहा फुटांवर लहान मुलाचा हात मोठ्याच्या हातात असलाच पाहिजे. फोटो काढणाऱ्याने 'थोडे मागे' हे शब्द उच्चारूच नयेत.

<b>केव्हा जावे?</b>

दसरा झाला की हवा उघडते. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत चालण्याचे खरे दिवस. मार्चपासून दुपारी ऊन तापते, पण झाडीच्या सावलीमुळे सकाळ-संध्याकाळ हिंडता येते. मेमध्ये शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी आणि पाण्याची ओढ. पावसाळ्यात वर्षाकाठी पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस या डोंगरावर कोसळतो. धुके इतके की पॉइंटवर उभे राहून समोरचा माणूस दिसत नाही, देखावा दूरच. तरीही मुंबईची तरुण पोरे याच दिवसांत लोटतात. भिजण्याची मौज असते, हे खरेच. कुटुंबाने जायचे असेल तर मुख्य वाटा सोडू नयेत, ओढ्यात उतरू नये आणि हवामान खात्याचा इशारा असेल तर आरक्षणाच्या पैशांकडे पाहू नये. दिवाळीनंतरचा आठवडा आणि नाताळ ते नववर्ष, हे दिवस शक्यतो टाळावेत. ज्यांना रजा मिळू शकते त्यांनी रविवार-सोमवार असा बेत केला तर सोमवारचे माथेरान जवळपास आपल्या एकट्याचे असते.

वाटेत खायला काय न्यावे, हा प्रश्न खरे तर घरच्या स्वयंपाकघराला विचारावा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या पोळ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, हे पदार्थ दोन दिवस टिकतात आणि हात न बरबटता खाता येतात. बाजारात दोन्ही वेळचे जेवण मिळते, पण पॉइंटांच्या वाटेवर लिंबूसरबत आणि काकडीच्या टपऱ्यांपलीकडे फारसे काही नसते. रिकामी पाकिटे परत पिशवीतच यावीत. वर साचलेला कचरा खाली नेण्याचा खर्च आणि श्रम याच गावाला पडतात.

रविवारी परतताना बाजारातून चिक्की, मध आणि चामड्याच्या चपला घेण्याचा रिवाज मोडू नये. खरेदीसाठी मात्र घड्याळाकडे पाहून अर्धाच तास द्यावा. दुपारी तीनपर्यंत दस्तुरीची वाट धरली तर टॅक्सीला रांग नसते आणि नेरळला लोकलमध्ये बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. पाचनंतर सारी मुंबई एकदम उतरू लागते. नेरळचा फलाट तेव्हा लाल मातीने माखलेल्या बुटांनी भरून जातो.